आपत्तीग्रस्तांना घरी ठेवलंय? खर्चाची मदत मिळवायची कशी

पूर, भूकंप, वादळ झालं की बातम्यांत निवारा छावण्या दिसतात. पण घर गमावलेली बरीच माणसं छावणीत जातच नाहीत. ती बहिणीकडे जातात, मामाकडे जातात, जुन्या सहकाऱ्याच्या दोन खोल्यांत मावतात. जानेवारी २०१० मध्ये हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपाने कोसळली, तेव्हा सुमारे सहा लाख माणसं शहर सोडून गेली. त्यांतली बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या घरी उतरली. त्या घरांनी आलेल्यांना जेवू घालताना आधी साठवलेले पैसे संपवले, मग पेरणीसाठी राखलेलं बियाणं खाल्लं, जनावरं विकली. त्यांच्यापर्यंत मदत पोचायला फार उशीर झाला, कारण ती घरं कुठल्याच यादीत नव्हती.

हा लेख अशा घरांसाठी आहे. तुमच्याकडे कुणी आलं असेल, किंवा आज-उद्या येणार असेल, आणि "आपल्याला काही मदत मिळते का?" हे कुणाला विचारावं तेही कळत नसेल, तर इथून सुरुवात करा. नियम प्रत्येक देशात वेगळे असतात, रकमाही वेगळ्या. पण मदत देणारा कुणीही असो, तो विचारतो ते प्रश्न बहुतेक तेच असतात: कोण आलं, कुठून आलं, कधी आलं, किती दिवस राहिलं आणि खर्च नेमका कशावर वाढला. या प्रश्नांची उत्तरं कागदावर तयार ठेवली की निम्मं काम झालं.

पहिल्याच दिवशी तारीख लिहा

माणसं दारात उभी असतात, अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली असतात, त्या वेळी वही काढणं निर्दय वाटतं. मलाही वाटलं होतं. आमच्या घरी पाच जण साडेतीन महिने राहिले आणि पहिले तीन आठवडे मी एक अक्षर लिहून ठेवलं नाही. पुढे अर्जात "आगमनाची तारीख" हा रकाना आला तेव्हा आम्ही सगळे आठवत बसलो आणि प्रत्येकाला वेगळा वार आठवत होता. रात्री सगळे झोपल्यावर लिहा, पण त्याच रात्री लिहा: तारीख, प्रत्येकाचं पूर्ण नाव, वय, सोडलेल्या घराचा पत्ता. वीज आणि पाण्याच्या मीटरचा फोटोही काढून ठेवा. फोटोला तारीख आपोआप लागते आणि पुढे तोच तुमचा सुरुवातीचा आकडा होतो.

तारखेवर किती अवलंबून असतं, याचं एक उदाहरण. २००५ साली कॅटरिना चक्रीवादळाने अमेरिकेत दहा लाखांहून जास्त लोक बेघर झाले. त्यानंतर तिथल्या संसदेने कायदा करून आश्रय देणाऱ्यांना आयकरात सवलत दिली: घरी ठेवलेल्या प्रत्येक माणसामागे ५०० डॉलर उत्पन्न करमुक्त, जास्तीत जास्त चार माणसांसाठी, म्हणजे २,००० डॉलर. अटी मोजक्याच होत्या. माणूस तुमच्या मुख्य राहत्या घरात सलग किमान ६० दिवस राहिलेला हवा, त्याच्याकडून भाडं घेतलेलं नसावं, तो तुमचा जोडीदार किंवा तुमच्यावर अवलंबून असलेला नसावा आणि विवरणपत्रात त्याचा ओळख क्रमांक द्यायला हवा. साठ दिवस सलग! मधल्या काळात पाहुणा आठवडाभर दुसरीकडे राहून आला असेल तर? आणि तो निघून गेल्यावर वर्षाअखेरीस त्याचा ओळख क्रमांक कुठून आणायचा? म्हणून नावाबरोबर ओळखपत्राचा तपशीलही पहिल्या आठवड्यातच, त्यांची परवानगी घेऊन, उतरवून ठेवा. मधे कुणी बाहेर राहिलं तर त्या तारखाही लिहा.

आधी त्यांची नोंद, मग तुमची

हा क्रम महत्त्वाचा आहे. जवळपास सगळी मदत "विस्थापित" म्हणून नोंदलेल्या माणसापासून सुरू होते. तो नोंदलेला नसेल, तर सरकारच्या लेखी तुमच्याकडे फक्त पाहुणे आलेले असतात. त्यामुळे त्यांनी स्थानिक प्रशासनाकडे किंवा आपत्ती निवारण कक्षाकडे नाव नोंदवणं, घराच्या नुकसानीची पाहणी मागणं आणि नोंदणी क्रमांक मिळवणं हे पहिलं काम.

इथे एक अडचण नेहमी येते. घरी उतरलेली माणसं म्हणतात, "आम्ही छावणीत नाही, मग आमचं नाव कशाला?" छावणीत नसलेल्यांचीच नावं गळतात, म्हणून. नोंदणी करताना सध्याचा पत्ता म्हणून तुमचं घर लिहायला सांगा आणि "नातेवाइकांकडे किंवा परिचितांकडे वास्तव्य" असा पर्याय असेल तर तोच निवडायला सांगा. त्या एका नोंदीने तुमचं घर यादीत येतं.

मग तुमची पाळी. त्याच कार्यालयात जाऊन विचारा: आश्रय देणाऱ्या कुटुंबांची वेगळी नोंद होते का? नसेल होत, तरी साध्या कागदावर अर्ज द्या. अमुक तारखेपासून अमुक इतकी माणसं माझ्याकडे राहत आहेत, त्यांचे नोंदणी क्रमांक हे, एवढंच लिहा आणि पोच घ्या. योजना आज नसली तरी महिन्याभराने जाहीर होऊ शकते, आणि तेव्हा तुमच्या हातात तारखेचा शिक्का असलेला कागद असेल.

मदत कुठल्या वाटांनी येते

लोक एकच वाट शोधतात, सरकारकडून आपल्या खात्यात थेट पैसे. ती वाट आहे, पण ती एकटी नाही.

थेट पैशांपासून सुरू करू. न्यूझीलंडमध्ये सिव्हिल डिफेन्स पेमेंट नावाची मदत आहे. ती आपत्तीमुळे घर सोडावं लागलेल्यांना मिळते, तशीच त्यांना आपल्या घरी ठेवणाऱ्या कुटुंबांनाही मागता येते. युद्धामुळे आलेल्यांसाठीच्या योजनाही पद्धत समजायला उपयोगी आहेत. २०२२ मध्ये युक्रेनमधून आलेल्यांना घरात ठेवणाऱ्यांना ब्रिटनने महिन्याला ३५० पौंड "आभार रक्कम" द्यायला सुरुवात केली. ही रक्कम घरामागे होती. पाहुणा एक असो वा चार, आकडा तोच. घराची तपासणी व्हायची आणि पाहुण्यांकडून भाडं घ्यायचं नाही, अशी अट होती. पोलंडने त्याच वर्षी उलट पद्धत वापरली: माणशी दिवसाला ४० झ्लॉटी (पोलंडचं चलन), आधी ६० दिवसांपर्यंत, मग मुदत १२० दिवसांवर नेली. तुमच्याकडची योजना घरामागे आहे की माणसामागे, हे अर्ज भरण्याआधी विचारा. माणसामागे असेल तर तान्ह्या बाळाचं नावही सुटता कामा नये.

दुसरी वाट करसवलतीची, जिची हकीकत वर आलीच.

तिसरी वाट बहुतेकांना दिसत नाही: पाहुण्यांना मिळणारी मदत. अमेरिकेच्या फेमा या आपत्ती यंत्रणेने मार्च २०२४ मध्ये नियम बदलले. तेव्हापासून घर राहण्याजोगं न उरलेल्या कुटुंबाला "विस्थापन सहाय्य" मिळू शकतं, आणि ते पैसे हॉटेलात राहण्यासाठी वापरता येतात तसेच नातेवाईक किंवा मित्रांकडे राहतानाही. पैसे त्यांचे, खातं त्यांचं. पण त्यातून तुमच्या घरखर्चाला हातभार लावला तर ते नियमातच बसतं. अशी सोय आहे का, हे पाहुण्यांनी त्यांच्या अर्जाच्या वेळी विचारायला हवं. तुम्ही विचारून चालत नाही, म्हणून त्यांच्याबरोबर जा.

चौथी वाट विम्याची. पाहुण्यांच्या घराचा विमा असेल, तर पॉलिसीत "तात्पुरत्या निवासाचा खर्च" किंवा "घर वापरता न आल्याची भरपाई" अशा अर्थाचं कलम आहे का ते पाहा. अनेक पॉलिसींत असतं आणि लोक ते वाचत नाहीत, कारण त्यांचं सगळं लक्ष भिंती आणि छपराच्या पैशांकडे असतं. सहसा नेहमीपेक्षा जास्त झालेला आणि प्रत्यक्ष केलेला खर्चच मिळतो. "मामाकडे राहतो, खर्चाला अमुक देतो" हे विमा कंपनीला चालतं का, हे आधी लेखी विचारून घ्या. मागाहून केलेला करार त्यांना पटवून देणं अवघड जातं.

पाचवी वाट संस्थांची. २००४ च्या त्सुनामीनंतर स्वित्झर्लंडच्या विकास संस्थेने इंडोनेशियातल्या आचेमध्ये आश्रय देणाऱ्या कुटुंबांनाच रोख रक्कम दिली. संस्थांची मदत नेहमी रोखच असेल असं नाही. लेबनॉनमध्ये नॉर्वेजियन रिफ्युजी कौन्सिलने अर्धवट बांधलेली घरं पुरी करायला मालकांना मदत केली, आणि बदल्यात सीरियातून आलेल्या कुटुंबांना तिथे साधारण वर्षभर बिनभाड्याने राहू दिलं गेलं. तुमची अडचण पैशांपेक्षा जागेची असेल, म्हणजे एकच संडास आहे, पाण्याची टाकी पुरत नाही, मधे आडोसा नाही, तर संस्थेकडे तेच मागा. जास्तीच्या संडासासाठी दिलेली मदत पाहुणे गेल्यावरही घरात राहते.

जागेबद्दल बोलताना मानवतावादी मदतीत सर्वमान्य असलेली स्फिअर मानकं हाताशी असू द्या: माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा आणि दिवसाला किमान १५ लिटर पाणी. तीन बाय चार मीटरची खोली म्हणजे १२ चौरस मीटर, म्हणजे तीन माणसं. तिथे सहा झोपत असतील तर अर्जात तसंच लिहा. "जागा अपुरी आहे" यापेक्षा "१२ चौरस मीटरच्या खोलीत सहा जण" हे वाचणाऱ्याच्या डोक्यात राहतं. पाण्याचंही तसंच: पाच पाहुण्यांना महिन्याला किमान २,२५० लिटर पाणी जास्त लागणार. टँकर का मागवावा लागला, याचं उत्तर त्या आकड्यात आहे.

वही

एक वेगळी वही करा. मोबाईलवर लिहायची सवय असेल तर तसं, पण घरखर्चाच्या नेहमीच्या हिशोबात हे मिसळू नका.

खर्च दोन प्रकारचे असतात. पहिले सरळ त्यांच्यासाठीच झालेले: गाद्या, पांघरुणं, औषधं, मुलांच्या वह्या, प्रवासभाडं. यांच्या पावत्या एका पाकिटात ठेवा आणि प्रत्येक पावतीच्या मागे कशासाठी ते लिहा, कारण दोन महिन्यांनी दुकानाची पावती पाहून काहीही आठवत नाही. दुकानातल्या मशीनमधून निघणाऱ्या थर्मल कागदावरची अक्षरं काही काळाने उडतात, म्हणून फोटोही काढा.

दुसरे खर्च घराच्या खर्चात विरघळलेले असतात: वीज, गॅस, पाणी, किराणा. इथे सगळं बिल मागू नका. ते कुणी मान्य करत नाही, आणि ते खरंही नसतं. वाढ दाखवा. पाहुणे येण्याआधीच्या तीन महिन्यांची बिलं काढा आणि सरासरी घ्या. विजेचं बिल ऋतूप्रमाणे बदलतं, त्यामुळे विजेसाठी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल जास्त प्रामाणिक तुलना ठरतं. आत्ताच्या बिलातून ते वजा करा. उरलेला आकडा हा तुमचा दावा. कमी भरला तरी चालेल, फुगवू नका. एक आकडा खोटा निघाला की तपासणारा बाकीच्या नऊ आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही, आणि त्याचा फटका तुमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या घरालाही बसतो.

आणखी एक खर्च लोक लिहीतच नाहीत: बुडालेलं उत्पन्न. आजारी पाहुण्याला दवाखान्यात नेण्यासाठी घेतलेली बिनपगारी रजा, भाड्याने द्यायची होती पण पाहुण्यांसाठी रिकामी ठेवलेली खोली. भरपाई मिळेलच असं नाही. पण नोंद असावी.

पैशाबद्दल बोला, आणि लवकर बोला

मला या लेखात सर्वांत जास्त काळजी या भागाची वाटते.

आपल्या माणसाला आसरा दिला आणि त्याच्याशी खर्चाचं बोलायचं, हे जिभेवर येत नाही. येणाऱ्यालाही मनात हेच डाचत असतं. तो ताटात कमी वाढून घेतो, आंघोळीला पाणी कमी वापरतो, मुलांना गप्प बसवतो. बोललं नाही तर दोघंही आतल्या आत हिशोब करत राहतात आणि सहा आठवड्यांनी एखाद्या उघड्या राहिलेल्या नळावरून भांडण होतं. अर्ज भरायला आलेल्या घरांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पैसे थोडे असले तरी ज्यांचं आधी बोलणं झालेलं असतं, ती घरं तग धरतात.

पहिल्या आठवड्यात, जेवणं झाल्यावर, मुलं बाजूला असताना बसा. सुरुवात मागण्याने करू नका, माहितीने करा. "ताई, आपल्या दोघांनाही मदत मागता येते असं कळलंय. तुमचे कागद आणि माझे कागद एकत्र लावू या." इथून बोलणं सोपं होतं, कारण तुम्ही दोघं एकाच बाजूला बसलेले असता. मग तीन गोष्टी ठरवा. त्यांना मदत मिळाली तर त्यातलं काही घरखर्चाला द्यायचं का, आणि किती. मदत मिळेपर्यंत कोण काय सांभाळणार. पैसे नसले तरी किराणा आणणं, मुलांना शाळेत सोडणं, कार्यालयांतल्या रांगेत उभं राहणं हे सगळं वाटून घेता येतं. आणि पुन्हा कधी बोलायला बसायचं. शेवटच्या गोष्टीसाठी तारीखच ठरवा, साधारण महिन्याभराने. "कधी जाणार?" हा प्रश्न मग कुणालाच विचारावा लागत नाही, ठरलेल्या दिवशी पुढचं बोलणं आपोआप होतं.

जे ठरलं ते अर्ध्या पानावर लिहा आणि दोघांनी सही करा. अविश्वास म्हणून नाही. विमा कंपनी, मदत कार्यालय, कधी कधी कर खातंही हा कागद मागतं.

पैसे घेण्याआधी कुठे विचारायचं

घरमालक: तुम्ही भाड्याने राहत असाल तर भाडेकरारात किती माणसं राहू शकतात ते पाहा आणि मालकाला लेखी कळवा. आपत्तीच्या काळात बहुतेक मालक समजून घेतात. लपवलेलं मात्र आवडत नाही.

तुमच्या घराचा विमा: राहणाऱ्यांची संख्या वाढली, किंवा तुम्ही पैसे घेऊन कुणाला ठेवलं, तर काही पॉलिसींच्या अटी बदलतात. फोन करा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या.

तुम्हाला मिळणारे भत्ते: पेन्शन, बेकारी भत्ता, घरभाडे सहाय्य, असं जे घरातल्या माणसांच्या संख्येवर किंवा उत्पन्नावर ठरतं, त्याच्यावर पाहुण्यांचा परिणाम होतो का? ब्रिटनने त्या आभार रकमेवर आयकर लावला नाही आणि एकट्या राहणाऱ्याला स्थानिक करात मिळणारी सूटही पाहुण्यांमुळे जाऊ दिली नाही. पण ते तिथे मुद्दाम ठरवलं म्हणून झालं. आपोआप तसं होईल असं धरून चालू नका.

आणि पाहुण्यांचे भत्ते. हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा राहून जातो. तुम्हाला दिलेली मदत त्यांच्या मदतीतून वजा होणार असेल, किंवा "निवाऱ्याची सोय झाली" म्हणून नव्या घराच्या यादीतलं त्यांचं नाव मागे जाणार असेल, तर तुमच्या हातात आलेली छोटी रक्कम त्यांना फार महाग पडेल. सही करण्याआधी हे स्पष्ट विचारा, आणि उत्तर पाहुण्यांसमोर घ्या.

अर्ज देताना

मुदत आधी पाहा. ती बऱ्याचदा आपत्ती जाहीर झाल्याच्या तारखेपासून मोजतात, तुमच्याकडे माणसं आल्यापासून नव्हे. कागद पूर्ण नसले तरी मुदतीत अर्ज द्या आणि "उर्वरित कागदपत्रे नंतर सादर करीत आहे" असं लिहा. पाहुण्यांची ओळखपत्रं पुरात गेली असतील तर हरवल्याची नोंद किंवा प्रतिज्ञापत्र चालतं का ते विचारा.

बँक खातं तुमच्या नावावरचं द्या. मध्यस्थाचं नको. अर्ज भरून देण्यासाठी किंवा "यादीत नाव घालण्यासाठी" कुणी पैसे मागितले तर तिथून उठा. अर्जाचा नमुना सरकारी कार्यालयातूनच किंवा त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. आपत्तीनंतर मदतीच्या नावाने ओटीपी मागणारे फोन हमखास येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि पाहुण्यांनाही हे आधी सांगून ठेवा, कारण गरजेत असलेला माणूस लवकर विश्वास ठेवतो.

दोन ठिकाणी अर्ज करायला हरकत नाही, पण एकाच खर्चासाठी दोघांकडून पैसे घेऊ नका. प्रत्येक अर्जात दुसऱ्या अर्जाचा उल्लेख करा.

नकार आला तर कारण लेखी मागा. बऱ्याच वेळा कारण क्षुल्लक असतं: नावाचं स्पेलिंग, नोंदणी क्रमांकातला एक आकडा, सोडलेल्या घराऐवजी तुमचाच पत्ता दोन्ही रकान्यांत. दुरुस्त करून पुन्हा द्या. योजनाच नसेल, तर गावातल्या, वस्तीतल्या इतर आश्रय देणाऱ्या घरांना गाठा आणि एकत्र निवेदन द्या. एक घर गेलं तर तो वैयक्तिक खर्च ठरतो. वीस घरं आपापल्या तारखा आणि माणसांची संख्या घेऊन गेली, की कार्यालयाला पहिल्यांदा कळतं की छावणीबाहेर किती लोक आहेत. आश्रय देणाऱ्यांसाठीच्या योजना कागदावर यायला असेच आकडे लागतात.

पाहुणे निघतात तेव्हा

नवं घर मिळतं, जुनं दुरुस्त होतं, किंवा तुमचीच ताकद संपते. शेवटचं कारण लाजेचं नाही. जमत नसेल तर ठरलेल्या तारखेच्या बोलण्यात सांगा आणि त्यांची पुढची सोय लागेपर्यंत दोन-तीन आठवड्यांचा अवधी ठेवा. ज्या कार्यालयात त्यांची नोंद आहे तिथे बरोबर जा, म्हणजे ती माणसं एका यादीतून निघून दुसऱ्या यादीत जायच्या आधीच हरवत नाहीत.

निघण्याच्या दिवशी पुन्हा मीटरचा फोटो काढा. वहीत तारीख लिहा. मदत चालू असेल तर कार्यालयाला त्याच आठवड्यात कळवा, नाहीतर जास्तीचे पैसे पुढे परत मागितले जातात, आणि तोवर ते खर्च झालेले असतात. पाहुण्यांकडून "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या घरी राहिलो" असं दोन ओळींचं पत्र सहीसकट घ्या. त्यांचा नवा पत्ता आणि चालू फोन नंबर वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्याच हाताने लिहून घ्या. आमच्या अर्जाची शेवटची चौकशी पाहुणे गेल्यानंतर आठ महिन्यांनी आली होती.